सोनोग्राफी गाभण तपासणीपुरतीच का?

म्हैस विते, काही दिवसांत तिचे पोट वारंवार फुगू लागते आणि गोडेतेल व हिंग पाजण्यात आठवडे निघून जातात. वैरणीतून गेलेली तार जाळीपोटात रुतली असेल, किंवा श्वासपटल फाटून जाळीपोटच छातीत शिरले असेल (म्हशींत हे गायींपेक्षा अधिक आढळते), तर पाजून काय साधणार?

निरोगी जाळीपोट साधारण मिनिटाला एकदा आकुंचन पावते. छातीच्या तळाशी, कोपराच्या मागे केस काढून ३.५ मेगाहर्ट्झचा प्रोब टेकवला की ही हालचाल पडद्यावर दिसते. ती मंदावणे, भोवती पू साचणे किंवा जाळीपोट हृदयाशेजारी आढळणे, यांवरून दुखण्याचे मूळ कळते. तार मात्र सहसा दिसत नाही. तिच्यासाठी क्ष-किरणच हवेत.

गाभण तपासणीचा गुदमार्गी प्रोब येथे उपयोगाचा नाही. म्हणून यंत्र खरेदी करताना कमी वारंवारितेचा दुसरा प्रोब वगळणे ही काटकसर नव्हे. आजारी जनावर दूर नेण्याचा खर्च पशुपालकाला जड वाटतो, हे खरेच. तरीही पोट दुसऱ्यांदा फुगल्याचे कळताच विस्तार कार्यकर्त्याने त्याला पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाकडे पाठवावे. शस्त्रक्रिया सोसण्याइतके बळ म्हशीत तेव्हाच असते.