ट्रॅक्टरची बॅटरी आणि कोपीतला दिवा

मा. संपादक,

बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात निघणाऱ्या ट्रॅक्टरला मोठी बॅटरी बसवली की मजुरांच्या कोपीतले (झोपडीतले) दिवेही तिच्यावर भागतात, हे आपल्या अंकातल्या लेखात प्रसिद्ध झालेले मत अर्धेच खरे आहे. भागते ते हंगामाच्या सुरुवातीलाच.

स्टार्टर बॅटरीच्या प्लेटा पातळ असतात. क्षणभर शेकडो अँपिअर देणे हे तिचे काम. रोज रात्री ती रिकामी केली तर प्लेटांवर सल्फेट धरते आणि मोठी बॅटरीही अकाली बसते. दिव्यांना जाड प्लेटांची ट्यूब्युलर बॅटरी वेगळी हवी. तीही अवाढव्य नको. 5 वॅटचे दोन एलईडी 5 तास आणि दोन मोबाइल, एवढ्याला 12 व्होल्टवर जेमतेम 7 अँपिअर-अवर लागतात. 40 अँपिअर-अवरची बॅटरी पुरून उरते.

दोन्ही बॅटऱ्या कायम समांतर जोडण्याचा त्या लेखातला सल्ला तर घातकच. रात्री दोन्ही उतरतात आणि पहाटे भरल्या ट्रॉलीसह ट्रॅक्टर फडातच अडकतो. मध्ये आयसोलेटर रिले घातला की इंजिन बंद होताच त्या वेगळ्या होतात.

लिथियम बॅटरी उन्हात टिकत नाही, हा लेखातला आक्षेपही एकतर्फी आहे; उष्णतेने शिसे-ॲसिड बॅटरीचेही आयुष्य घटते. लिथियमची खरी अडचण किंमत आणि योग्य चार्जर ही आहे.

बॅटरीतल्या द्रवाची पातळी उतरल्यास ॲसिड घालण्याची सूचना मात्र आपण मागे घ्यावी. उडते ते पाणी; तिथे डिस्टिल्ड वॉटरच घालायचे असते.

कळावे.
एक वाचक, केज (जि. बीड)