फी भरल्यानंतरचे सहा महिने

दसरा सरला की बीड जिल्ह्यातील धारूर, पाटोदा, शिरूर कासार, वडवणी, केज या तालुक्यांतील वाड्या-तांडे रिकामे होऊ लागतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी नवरा-बायकोचा कोयता पश्चिम महाराष्ट्रातील किंवा कर्नाटकातील कारखान्यांच्या फडावर जातो आणि मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाही. याच घरातील एखादी मुलगी अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला पुण्यात किंवा छत्रपती संभाजीनगरात असेल, तर तिची दिवाळीची सुटी, पहिल्या सत्राची परीक्षा आणि दुसऱ्या सत्राचा खर्च हे सारे घराला कुलूप असतानाच येते.

जिल्ह्यातील व्यापारी कुटुंबांना हे वेळापत्रक पाठ असते. उचल वाटली गेली की किराणा, कापड, भांड्यांच्या दुकानांत गर्दी होते. मागील उधारी हंगाम संपल्यावर वसूल होते. कोणत्या घरात पैसा केव्हा येतो हे ज्यांच्या खातेवहीलाच ठाऊक, त्यांना गरजू विद्यार्थी शोधण्यासाठी फार दूर जावे लागू नये. तरीही शिष्यवृत्ती म्हटले की अजूनही गुणवंतांचा सत्कार, शाल, श्रीफळ आणि धनादेश देतानाचे छायाचित्र एवढेच डोळ्यांपुढे येते. ज्याला नव्वद टक्के गुण आहेत त्याला तीन ठिकाणी शाल मिळते. अडुसष्ट टक्क्यांवर, फडातून परतून, परीक्षेला बसलेल्या मुलाला कोणी विचारीत नाही.

शिक्षण शुल्काचा भार शासनाने बराच हलका केला आहे, हे मान्य केले पाहिजे. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिष्यवृत्ती योजनेत ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांना शिक्षण शुल्कात निम्मी सवलत आहे. २०२४-२५ पासून त्याच उत्पन्नमर्यादेतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतील शुल्कमाफीच्या ५ टक्के अधिसंख्य जागा आहेत, मुलींसाठी वर्षाला ५०,००० रुपयांची ‘प्रगती’ शिष्यवृत्ती आहे. कागदावर चित्र समाधानकारक आहे.

अडचण असते ती तारखांची. प्रवेशाच्या वेळी लागणारी रक्कम आज भरायची आणि शिष्यवृत्तीचा हप्ता खात्यात पडेल तेव्हा पडायचा. खाते आधारशी जोडलेले नसेल, तर तोही अडतो. शैक्षणिक कर्जात ४ लाखांपर्यंत तारण लागत नाही, ही सोय मोठीच. परंतु पालक सहकर्जदार असतो आणि त्याची सही हवी असते. सही करणारा त्या वेळी दोन-तीनशे किलोमीटरवरच्या फडात ऊस तोडत असतो. शिवाय खोलीभाडे, खाणावळ, आलेखनाचे साहित्य, संगणक, प्रवास यांची पूर्ण तजवीज कोणत्याही शुल्कमाफीत नाही.

येथे हवा असतो तो फिरता निधी. तालुक्याच्या गावातील वीस कुटुंबांनी प्रत्येकी १०,००० रुपये ठेवले, तर २ लाख रुपये उभे राहतात. त्यातून आठ-दहा विद्यार्थ्यांचा अडलेला हप्ता भागतो, आणि शिष्यवृत्ती जमा झाली की रक्कम परत येऊन पुढील वर्षी दुसऱ्याच्या उपयोगी पडते. खाणावळीचा खर्च मात्र परतफेडीच्या अटीवर देऊ नये. तो आहारदानाच्या खात्यातच टाकावा. व्यापारी पेढीला बिनव्याजी आणि परतीचा पैसा यांतील फरक समजावून सांगण्याची गरज नाही.

पण निधीपेक्षा अवघड आहे ते माणूस देणे. मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी पहिल्या सत्रात गणित आणि अभियांत्रिकी आलेखनात अडखळतो. वर्गात इंग्रजीत प्रश्न विचारण्याचा संकोच, त्यातून एक विषय राहतो, मग दोन. घरी सांगावे, तर आईवडील पहाटेपासून फडात. शिक्षण बहुधा येथेच सुटते, आणि त्याची नोंद ‘फी भरता आली नाही’ अशी होते. पुण्यात १९५५ साली डॉ. अच्युतराव आपटे यांनी उभारलेल्या विद्यार्थी साहाय्यक समितीने ग्रामीण मुलांना निवासाबरोबर वडीलधाऱ्यांचा सहवासही दिला. लीला पूनावाला फाउंडेशन मुलींना शिष्यवृत्तीबरोबर मार्गदर्शनही देते. समाजातील कितीतरी घरांतील मुले-सुना आज पुण्यात, बंगळुरूत अभियंते आहेत. पंधरा दिवसांतून एक दूरध्वनी आणि परीक्षेपूर्वी दोन रविवार, एवढे तरी त्यांच्याकडून मिळणे अशक्य नाही.

हे साधर्मिकांपुरतेच ठेवावे काय, असा प्रश्न ट्रस्टच्या बैठकीत निघतोच. साधर्मिक भक्तीचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. तथापि कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहून शिकलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापली, ती सर्व जातींच्या मुलांसाठी. मूळचे बीड जिल्ह्यातील शांतिलाल मुथ्था आणि त्यांच्या भारतीय जैन संघटनेने १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर सुमारे १,२०० मुलांना शिक्षणासाठी पुण्यात आणले, तेव्हा त्यांचा धर्म विचारला नव्हता. ज्या गिऱ्हाइकाच्या उचलीवर बाजारपेठ चालते, त्याच्या मुलाला निधीच्या दारात परका ठरवणे हिशेबातही बसत नाही.

प्रवेश प्रक्रिया बहुधा चातुर्मासातच चालते. स्थानकात आणि मंदिरात कुटुंबे रोज एकत्र येतात, तेव्हाच यादी करता येईल: विद्यार्थ्याचे नाव, महाविद्यालय, पालक कोणत्या कारखान्यावर जाणार, उत्पन्नाचा दाखला निघाला का, कर्जाच्या कागदांवर सही झाली का. सह्या दसऱ्यापूर्वी झाल्या पाहिजेत. आणि दिवाळीच्या सुटीत वसतिगृह बंद होत असेल, तर तो विद्यार्थी कोणाच्या घरी राहील, तेही त्याच यादीत लिहून ठेवावे.