पॉलिसी मोडावी लागते तेव्हा

औषधांचा कोर्स मध्येच सोडू नका, असे आपण रुग्णाला रोज बजावतो. पैशाच्या बाबतीत मात्र हे पथ्य आपल्यापैकी अनेकांनी पाळलेले नाही. मीही पाळले नव्हते, म्हणून हा लेखनप्रपंच.

मार्च २००६ मध्ये करबचतीच्या घाईत, दांडिया बाजारातील दवाखान्यातून शेवटचा रुग्ण गेल्यावर, मी एका युनिट-संलग्न विमा योजनेच्या, म्हणजे युलिपच्या, अर्जावर सही केली. हप्ता वर्षाला ५० हजार. 'तीन वर्षे भरा, मग केव्हाही काढा,' असे एजंटाने सांगितले होते आणि ते खोटे नव्हते. मार्च २००९ मध्ये दवाखान्याची भाड्याची जागा सोडावी लागली. नव्या जागेची अनामत भरण्यासाठी मी पॉलिसी मोडली. दीड लाख भरले होते. हाती ६५ हजार आले.

दोष अर्थातच बाजाराला दिला. जानेवारी २००८ मध्ये २१ हजारांपर्यंत चढलेला सेन्सेक्स तेव्हा आठ-नऊ हजारांत घुटमळत होता. पुढे एका सनदी लेखापाल मित्राने विवरणपत्र उलगडून दाखवले, तेव्हा रोगनिदान चुकल्याचे ध्यानात आले. ८५ हजारांच्या तोट्यात बाजाराचा वाटा सुमारे ४४ हजारांचा, म्हणजे जेमतेम निम्मा. साडेसत्तावीस हजार तर हप्त्यांतून आधीच कापले गेले होते. त्या रकमेची गुंतवणूक कधी झालीच नव्हती. विमा व प्रशासनाचा खर्च सहा हजार आणि मुदतीपूर्वी मोडल्याबद्दल कपात साडेसात हजार. कापलेले आकार कोणालाच परत मिळत नाहीत. बाजारातील घट मात्र थांबलेल्यांची बरीचशी भरून निघाली, कारण डिसेंबर २००९ अखेर सेन्सेक्स १७ हजारांच्या वर होता. माझ्यापुरती ती घट कायमची झाली, आणि ती मी स्वतःच्या सहीने केली.

१ सप्टेंबर २०१० पासून विमा नियामकाने या योजनांना वेसण घातली. बंधनाचा काळ तीनऐवजी पाच वर्षांचा झाला, मोडण्याच्या कपातीवर मर्यादा आली आणि पाचव्या वर्षापासून ती कपातच उरली नाही. सुधारणा स्वागतार्ह खरी; पण तिची दुसरी बाजू एजंट सहसा सांगत नाही. पाच वर्षांच्या आत हप्ते थांबवून पॉलिसी बंद केली, तर त्या दिवशीच्या भावाने युनिटे मोडून रक्कम वेगळ्या निधीत जाते. तिला किमान ४ टक्के व्याजाची हमी असते, परंतु ती हाती येते पाच वर्षे पुरी झाल्यावरच. बाजार कोसळलेला असताना असे केले, तर तोटा तिथेच गोठतो. पुढे बाजार सावरला तरी त्या पैशाला त्याचा लाभ नाही. आणि ज्या अडचणीसाठी पॉलिसी मोडली, तिला तो पैसा वेळेवर उपयोगीही पडत नाही.

आपल्यासारख्या खासगी व्यावसायिकांना हे अधिक जाचते. नोकरदारासारखा भविष्य निर्वाह निधी नाही, निवृत्तिवेतन नाही. हात थांबला की मिळकत थांबली. २३ मार्च २०२० रोजी सेन्सेक्स एका दिवसात ३,९०० हून अधिक अंकांनी कोसळला. त्याच आठवड्यात टाळेबंदी आली, नियोजित शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या गेल्या, बाह्यरुग्ण विभाग ओस पडले. परिचारिकांचे पगार मात्र द्यायचेच होते. बाजाराची पडझड आणि आपली नड अशी हातात हात घालून येते. पॉलिसी मोडण्याचा विचार नेमका अशाच महिन्यात सुचतो.

म्हणून माझे मत असे, की दवाखान्याचा व घराचा निदान वर्षभराचा खर्च बँकेतील मुदत ठेवीत असल्याखेरीज कोणत्याही डॉक्टराने अशा योजनेवर सही करू नये. कोणी म्हणेल, ठेवीवर व्याज ते किती! पण ती मोडताना थोडे व्याजच जाते, मुद्दल हलत नाही.

आपल्या मंडळाच्या स्नेहभोजनांना या कंपन्यांचे प्रायोजकत्व असते, स्मरणिकेत त्यांच्या जाहिराती असतात. त्याला माझी हरकत नाही. मात्र दरवर्षी फेब्रुवारीच्या सभेत अर्धा तास राखून ठेवावा, आणि आपल्या परिचयातील एखाद्या सनदी लेखापालाने अशा एका योजनेच्या माहितीपत्रकातील आकारांचे कोष्टक सर्वांसमक्ष वाचून दाखवावे. प्रायोजकाचे भाषण त्यानंतर होऊ द्यावे.