दक्षिणेचं आकाश ताणू नका

भिलाईजवळचं आमचं चरोदा 21 अंश अक्षांशावर आहे. ध्रुवतारा इथे उत्तरेला जेमतेम 21 अंश वर असतो, पण त्या बदल्यात दक्षिणेचं आकाश भरभरून मिळतं. फेब्रुवारीत रात्री नवाच्या सुमारास अगस्त्य 16 अंशांवर आलेला असतो. लंडनमध्ये तो कधी उगवतच नाही. मे महिन्यात त्रिशंकूही दिसतो, फक्त रेल्वेच्या बीएमवाय यार्डाचे उंच दिवे आड येणार नाहीत अशी गच्ची शोधावी लागते. एवढं आकाश लाभलेल्या आमच्या पोरांच्या हाती मात्र ती फिरती तारकाचकती येते, जिच्यात नेमका हाच भाग बिघडलेला असतो.

चकतीच्या मध्यभागी उत्तर ध्रुव आणि तिथून प्रत्येक ताऱ्याचं अंतर खरं राखलेलं. भूगोलाच्या पुस्तकातलं खमध्य समअंतर प्रक्षेपण ते हेच. सप्तर्षी, शर्मिष्ठा यांच्यासाठी उत्तम. पण विषुववृत्त ओलांडलं की आकाशातली वर्तुळं लहान होत जातात आणि कागदावरची मोठीच होत राहतात. मूळ नक्षत्रापाशी पूर्व-पश्चिम ताण पावणेतीन पट होतो, त्रिशंकूपाशी पाच पटींच्या वर. आकाशात हुबेहूब विंचवासारखी वळलेली वृश्चिकाची नांगी चकतीवर फतकल मारून बसते. पोर चकती बघतं, वर बघतं, आकार जुळत नाही, आणि ते स्वतःच्याच डोळ्यांवर अविश्वास दाखवतं. याचं मला फार वाईट वाटतं.

माझी नोकरी भिलाईत फॅब्रिकेशनची ड्रॉइंग काढण्यात गेली. नळकांडं असो की शंकू, त्याचं डेव्हलपमेंट कागदावर काढायचं, प्लेट कापायची, रोलिंगला वाकवायची. ती बरोब्बर बसते. टाकीच्या गोलसर झाकणाला, म्हणजे डिश्ड एंडला, हा हिशेब लागू नाही. सपाट प्लेट प्रेसखाली घातली की पोलाद कुठे ताणतं, कुठे आखडतं, आणि नंतर जाडी मोजली तर ती सगळीकडे सारखी भरत नाही. 1827 मध्ये गाउसने हेच गणिताने सिद्ध केलं: गोलाचा पृष्ठभाग ताणल्याशिवाय सपाट होत नाही. तेव्हा ‘बिनचूक नकाशा’ कुणाकडे मागायचाच नाही. काय राखायचं आणि काय सोडायचं, एवढंच आपल्या हातात असतं.

शाळेसाठी नक्षत्राचा आकार राखला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. महिन्याचा नकाशा छापायचा तर खस्वस्तिक मध्यभागी धरून स्टिरिओग्राफिक प्रक्षेपण वापरा. त्यात क्षितिजापाशी सगळं दुप्पट मोठं होतं, पण लांबी-रुंदी सारखीच वाढत असल्यामुळे विंचू विंचूच राहतो. हे ज्ञान आपल्याकडे काही नवं नाही. फिरोजशाह तुघलकाच्या दरबारातल्या महेंद्र सूरींनी 1370 मध्ये ‘यंत्रराज’ हा संस्कृत ग्रंथ लिहिला तो ज्या ॲस्ट्रोलेब यंत्रावर, त्याची आखणी याच प्रक्षेपणाने होते.

दर महिन्याला नवा कागद परवडत नाही, चकती वर्षभर चालते, असं शिक्षक म्हणतात. त्यांचं खरं आहे. मग चकती दोन्ही बाजूंनी छापा. पुढे उत्तर ध्रुव मध्यभागी, मागे दक्षिण ध्रुव. मागच्या बाजूला मूळपाशी ताण साधारण 16 टक्के उरतो, त्रिशंकूपाशी पाच. अशा चकत्या बाहेरदेशी मिळतात, पण आपल्याला 21 अंशांची हवी. ती एकदा आखली की सुरत, जळगाव, अमरावती, नागपूर, रायपूर सगळ्यांना चालेल. आणि कोपऱ्यात अक्षांश व प्रक्षेपणाचं नाव छापलेलं असावं. ड्रॉइंगवर स्केल लिहिलं नसेल तर आम्ही ते परत पाठवायचो.

उल्कांसाठी मात्र यातलं काहीच चालत नाही. डिसेंबरात मिथुनेतून येणाऱ्या उल्कांच्या रेघा मागे वाढवून त्यांचा उगमबिंदू काढायचा असेल, तर नोमोनिक प्रक्षेपणाचा कागद लागतो, कारण उल्केची वाट त्यावरच पट्टीने सरळ ओढता येते. कडेला त्याचे आकार भयंकर फुगतात आणि अर्धं आकाशसुद्धा त्यात मावत नाही. फुगू देत. त्या रात्री आकार ओळखायचे नसतात, रेघा कुठे मिळतात ते बघायचं असतं.