ठिगळ लावण्याआधी जुना अंग तासा

आवर्तन बंद झाले की चाऱ्यांची डागडुजी निघते. दिवस थोडे, पुढची पाळी दारात. मग लवकर घट्ट होणाऱ्या सिमेंटची पोती येतात, भेगेवर माल थापला जातो, संध्याकाळपर्यंत तो दगडासारखा होतो. काम भागलं, असं आपण सगळेच म्हणतो. पाणी सुटले की तेच ठिगळ पापुद्र्यासारखे निघून येते.

आमचे म्हणणे असे की, लवकर घट्ट होणे वेगळे आणि जुन्याला धरून राहणे वेगळे. पोत्यातला माल कितीही भारी असो, खाली शेवाळ, गाळ आणि सुटलेली खपली असेल तर तो घाणीला चिकटतो, काँक्रिटला नाही. जुना भाग छिन्नीने टणक लागेपर्यंत तासावा, कडा सरळ कापाव्यात, निमुळत्या ठेवू नयेत. धुऊन धूळ काढावी. साध्या सिमेंटच्या मालासाठी जुने काँक्रिट आधी पाणी पाजून ठेवावे, नाहीतर ते तहानेलं असतं, नव्यातलं पाणी ओढून घेतं. मात्र वर पाणी साचलेलं नको. सिमेंटचा घोळ लावला तर तो ओला असतानाच माल भरावा. वाळला की तोच आडपडदा होतो. जलद माल तापतो, आकसतो, म्हणून लगेच ओले गोणपाट टाकावे. काही खास मालाला कोरडा पृष्ठभाग लागतो, तेव्हा पोत्यावरची सूचना वाचावी. आणि मळीचे पिंप किंवा गुळाची घमेली कालवणाला वापरू नका. साखर सिमेंटला घट्ट होऊ देत नाही.

11 डिसेंबर 1967 च्या भूकंपात कोयना धरणाला भेगा पडल्या. तिथे वरून गिलावा मारून कोणी गप्प बसले नाही. भेगांत इपॉक्सी भरले आणि मागून आधारभिंती बांधल्या. एवढ्या मोठ्या धरणाला जे लागले, ते आपल्या चारीलाही तिच्या मानाने लागणारच.

नीरा डावा कालवा बारामतीतून इंदापुरात जातो. वाटेत गळलेले पाणी शेवटच्या सभासदाच्या उसाचे असते. त्याची पाळी कोरडी गेली तर दोष नशिबाचा नव्हे.

म्हणून पाणीवापर संस्थांनी काम ताब्यात घेण्याआधी ठिगळावर हातोडी मारून पाहावी. खणखणीत वाजले तर बिल द्यावे. बद्द वाजले तर पुन्हा तासायला लावावे. एक दिवस जादा गेला तरी चालेल, बंधूंनो. पाणी गेलेलं परत येत नाही.