1 ते 24 बंद

शनिवारी रात्री मी सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज टाकला. ‘जूनचं कलेक्शन काकांच्या वहीत 48,000 आहे, माझ्या प्रोग्रॅममध्ये 46,000 येतंय. काका, जरा चेक कराल का?’ शेवटी स्मायली. स्मायली टाकली की काहीही बोललेलं चालतं, असा आपला एक फंडा असतो.

कोथरूडमधली आमची सोसायटी चोवीस फ्लॅट्सची, मेंटेनन्स प्रत्येकी 2,000. खजिनदार काका सगळं वहीत लिहितात. आणि मी तीन आठवड्यांपूर्वी पायथन शिकायला घेतलेलं. ऑफिसात सगळेच शिकतायत, म्हटलं आपण का मागे?

खरं तर पहिल्या रनला उत्तर आलं होतं फक्त 2,000. तेव्हा संशय स्वतःवरच आला. लूपच्या आत प्रिंट टाकलं, तर प्रत्येक ओळीत 2,000, 2,000, 2,000. बेरीज वाढतच नव्हती, कारण ‘टोटल = 0’ ही ओळ मी लूपच्या आत लिहिलेली. म्हणजे एका घरचे पैसे घ्यायचे आणि पुढच्या दाराची बेल वाजवण्याआधी गल्ला रिकामा करायचा! ती ओळ लूपच्या वर नेली, आकडा 46,000 झाला आणि मी प्रिंट पुसून टाकलं. इथेच फसले. 2,000 वर कुणीच विश्वास ठेवला नसता, 46,000 वर मी लगेच ठेवला.

(जुन्या पुस्तकातून शिकत असाल तर सांभाळा. त्यात प्रिंटला कंस नसतो. 2008 मध्ये पायथन 3 आलं तेव्हापासून तो कंपल्सरी आहे. माझी अख्खी पहिली संध्याकाळ या कंसात गेली.)

रविवारी सकाळी दूध आणायला खाली उतरले तर जिन्यात काकू. “अगं, काल साडेबारापर्यंत कॅल्क्युलेटर घेऊन बसले होते हे.” मागून काका म्हणाले, “मला 48 च येतायत. पण तुझं कॉम्प्युटरवरचं आहे, म्हणजे...” पुढे काही बोलले नाहीत.

दूध तसंच ओट्यावर ठेवलं आणि लॅपटॉप उघडला. या वेळी बेरजेबरोबर फ्लॅट नंबरही प्रिंट केला. एक, दोन, तीन... यादी तेवीसवर संपली. मी लिहिलेलं ‘रेंज(1, 24)’, आणि पायथन शेवटचा आकडा धरत नाही. हे निदान पुणेकराला तरी कळायला हवं होतं! ‘दुपारी 1 ते 4 बंद’ या पाटीतले चार बंदमध्ये मोजायचे नसतात, चारला शटर वर जातं. एड्सखर डायक्स्ट्रा या डच संगणकशास्त्रज्ञानं 1982 मध्ये या पद्धतीची बाजू मांडली होती. शेवटातून सुरुवात वजा केली की किती ते थेट कळतं. चारातून एक गेला, तीन तास. चोवीसातून एक गेला, तेवीस घरं. 24 चं 25 केलं, 48,000 आले.

गळलेलं चोविसावं घर काकांचंच. एक तारखेला सगळ्यात आधी पैसे भरणारं.

ग्रुपवर माफी मागितली, स्मायलीशिवाय. मग चोवीस ओळींचा कागद घेऊन त्यांच्याकडे गेले. काकांनी चष्मा लावून, पेन्सिलीनं एकेका ओळीवर टिक केली. चोवीसपर्यंत.

“हे असं ओळीनं कालच दिलं असतंस,” ते म्हणाले, “तर मी दहाला झोपलो असतो.”