वकिलाच्या कचेरीतील उमेदवारी

बारावीनंतर कायद्याच्या अभ्यासाकडे वळू इच्छिणाऱ्या मुलामुलींना भोपाळात १९९७ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय विधि संस्थान विश्वविद्यालयामुळे ही वाट घराजवळच खुली झाली आहे. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांप्रमाणे पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान २० आठवडे, तर तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आठवडे उमेदवारी करावी लागते. परंतु ‘उमेदवारी कोठे केली?’ याचेच कौतुक फार, ‘काय शिकलास?’ हे कोणी विचारीत नाही. दिल्ली-मुंबईच्या बड्या पेढीचे प्रमाणपत्र मिळाले की सार्थक झाले, ही समजूत मला घातक वाटते. मूळ दावे आणि अपिले चालविणाऱ्या वकिलांपाशी एकदा तरी काम केलेच पाहिजे, असे तेच नियम सांगतात. ते उगीच नव्हे.

कचेरीत नवख्याच्या वाट्याला प्रथम येते ते दप्तर लावणे आणि तारखा टिपणे. हे काम त्याला हलके वाटते. पण १९६३ च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणे दिवाणी हुकूमनाम्यावर उच्च न्यायालयात अपील करण्यास ९० दिवस, आणि जिल्हा न्यायालयात अवघे ३० दिवस मिळतात. तारीख टिपताना चूक झाली, तर अशिलाला विलंबाच्या माफीसाठी न्यायालयापुढे हात जोडावे लागतात.

कागदाचे मोल भोपाळला कोणी शिकवावे? १९८४ च्या डिसेंबरातील त्या विषारी रात्रीनंतर, १९८९ साली ४७ कोटी डॉलरांची तडजोड झाली. पुढे पाच लाखांहून अधिक लोकांचे दावे मान्य झाले; पण त्यासाठी आजार आणि मृत्यू कागदोपत्री सिद्ध करावे लागले. या शहरातील मुलाने तरी दप्तराला रद्दी समजू नये.

म्हणून उमेदवाराने एखादे प्रकरण पहिल्या पानापासून वाचावे, त्यातील घटना तारीखवार एका पानावर उतरवाव्या, मगच शंका विचारावी. जुन्या कारकुनापाशी बसण्यात कमीपणा मानू नये. नियमानुसार ठेवावयाची रोजनिशी शेवटच्या दिवशी न भरता रोज लिहावी. येथील खालच्या न्यायालयांत हिंदी चालते, जबलपूरच्या उच्च न्यायालयात इंग्रजी. निकालाचा अर्थ अशिलाला त्याच्या बोलीत समजावून सांगता आला, तरच आपल्याला तो समजला असे मानावे.

आणि जिभेवर ताबा ठेवावा. अशिलाचे गुपित न फोडण्याचे बंधन २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमाने वकिलाच्या कारकुनांवर आणि नोकरांवरही घातले आहे; उमेदवाराने स्वतःला त्यातून वेगळे समजू नये.

पालकांनीही ओळखीपाळखीची चिठ्ठी शोधण्यापेक्षा संध्याकाळी ‘आज काय शिकलास?’ एवढेच विचारावे. मुलाने शिकलेले सांगावे, पण अशिलाचे नाव मात्र सांगू नये. असे झाले म्हणजे उमेदवारी सफळ झाली, असे खुशाल समजावे.